उघडण्याचं कसब

विमानाच्या लहान पिस्टन इंजिनात क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांमध्ये पॅकिंग नसतं. आतलं गरम तेल अडवायचं तर मधे कागद, कॉर्क, रबर असं काहीतरी हवंच, असं कुणालाही वाटेल. पण लायकमिंग किंवा कॉन्टिनेंटल कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. तिथं अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दोन ओतीव भाग थेट एकमेकांना भिडलेले असतात. कडांवर सीलंटचा पातळ हात फिरवलेला असतो आणि त्या थरात, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या अंगाने वळणं घेत गेलेला, रेशमाचा एक बारीक धागा. नट आवळले की तो धागा दोन धातूंच्या मधे चेपून जातो आणि पुढची कित्येक वर्षं तेलाला वाट देत नाही.

पॅकिंग का नाही, याचं उत्तर या इंजिनाच्या घडणीत आहे. क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगांमध्ये फिरतो त्यांच्या बैठका निम्म्या एका भागात आणि निम्म्या दुसऱ्या भागात असतात. कारखान्यात दोन्ही भाग बोल्टांनी एकत्र आवळतात आणि मग एकाच सरळ रेषेत ती भोकं बोअर करतात. वर्तुळ पूर्ण होतं ते दोघांचं मिळून. मधे कागदाएवढी जाडी आली तरी ते वर्तुळ लांबट होईल आणि इंचाच्या हजारांश भागांत राखलेलं बेअरिंगमधलं अंतर बिघडेल. म्हणून दोन्ही भागांवर जोडीचा एकच क्रमांक ठोकलेला असतो. एका इंजिनाचा डावा भाग दुसऱ्या इंजिनाच्या उजव्या भागाला लावता येत नाही. नकाशा तोच, मापं तीच, धातू तोच, तरीही नाही.

रेशीम म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला शहापूर आठवणार. बेळगावला अगदी लागून असलेलं, एके काळी सांगली संस्थानात मोडणारं शहापूर, आणि त्याच्या पलीकडचे वडगाव, खासबाग. ही सगळी विणकरांची वस्ती. शहापुरी साडीचं नाव आमच्या आज्या-मावश्यांच्या तोंडी असायचं. रेशीम म्हणजे लग्नकार्य, ठेवणीतलं लुगडं, अंगावर जपून वागवायची गोष्ट. मला मात्र आता रेशीम डोळ्यांपुढे येतं ते तेलात. दोन भाग वेगळे झाल्यावर कडेला चिकटून राहिलेली तपकिरी रेघ, नखाने उचलली की तुटत तुटत येणारी. त्या रेघेने हजारो फूट उंचीवर आपलं काम केलेलं असतं, आणि तिच्याकडे बघताना मनात आपोआप आदर येतो.

मी निपाणीचा. तंबाखूच्या वखारींच्या रांगेत, जुन्या महामार्गाच्या कडेला माझ्या मामांचं गॅरेज होतं. हंगामात सगळ्या गावावर तंबाखूचा उग्र वास असायचा, पण गॅरेजच्या दारातून आत पाऊल टाकलं की तो वास मागं राहायचा आणि रॉकेल, ग्रीस, जळक्या तेलाचा दुसराच वास सुरू व्हायचा. तिथं कामाच्या दोनच जाती होत्या, हाफ इंजिन आणि फुल इंजिन. हाफ इंजिन म्हणजे हेड उतरवायचं, पिस्टन, रिंगा, बोअर बघायचा, आणि संध्याकाळपर्यंत गाडी परत. फुल इंजिन म्हणजे क्रँककेस उघडायची. बुलेटची क्रँककेससुद्धा उभी दुभागलेली असते, डावा भाग आणि उजवा भाग. ते काम निघालं की मामा सकाळी लवकर यायचे, फळी धुऊन घ्यायचे, स्वच्छ फडकं पसरायचे आणि पोरांना बाकीची कामं सांगून ती फळी स्वतःकडे ठेवायचे.

त्यांचं एक वाक्य माझ्या धंद्याचा पाया झालं. नट-बोल्ट काढून झाले, लाकडी हातोडीने चहूबाजूंनी हलकं ठोकून झालं, तरी दोन भाग सुटत नसले की शिकाऊ पोरगं हमखास मोठा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फटीत घालायला यायचं. मामा त्याचा हात धरायचे. "जोर लावावा वाटला की थांबायचं, बाळ. कुठंतरी एखादा बोल्ट ऱ्हायलेला असतोय." आणि खरोखर असायचाच. चिखलाखाली दडलेला, नाहीतर आतल्या बाजूने आलेला. तो सापडला की मघाचं हट्टी इंजिन दोन बोटांनी सुटायचं.

पुढे मी विमान देखभालीचं शिक्षण घेतलं, परवाना मिळवला आणि घरापासून दूर, इंजिनांच्या ओव्हरहॉलच्या एका कार्यशाळेत रुजू झालो. तिथली जमीन दवाखान्यासारखी स्वच्छ होती, प्रत्येक पान्याला आपली जागा आखलेली होती, आणि काम संपल्यावर एक पाना जरी त्या जागेवर नसला तरी तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नव्हतं. कंपनीची जाडजूड नियमपुस्तकं होती, नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएचे नियम होते. पण दोन भागांच्या सांध्यात कसलंही हत्यार घालून उचकटू नये ही त्या पुस्तकांतली सक्त ताकीद पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती निपाणीच्या बोलीतच ऐकू आली.

ज्या इंजिनावर मी सर्वात जास्त काम केलं ते लायकमिंगचं ओ-320. चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, आडवे. 320 घन इंच म्हणजे सुमारे सव्वापाच लिटर, ताकद 150 ते 160 अश्वशक्ती, कोरडं वजन जेमतेम 110 किलो. सेस्ना 172 या जगभर शिकाऊ वैमानिकांच्या हाताखाली असलेल्या विमानाच्या अनेक मॉडेलांत हेच इंजिन आहे. कंपनी सांगते की साधारण 2,000 तास किंवा 12 वर्षं, यांतलं जे आधी येईल तेव्हा ते पूर्ण उघडावं. 2,000 तास हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण मिनिटाला 2,400 फेरे धरले तर तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट 28 कोटी 80 लाख वेळा फिरलेला असतो. इतकं फिरून झाल्यावर तो आमच्या फळीवर येतो आणि म्हणतो, आता माझ्या आत बघा.

उघडणं एकदम होत नाही, आणि होऊही नये. आधी लॉगबुक वाचायचं. हे इंजिन कुठं उडालं, किती दिवस उभं राहिलं, तेल कधी बदललं, प्रोपेलर कधी जमिनीला लागला होता का. मग तेल काढायचं आणि फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते उन्हात धरून बघायचं. मॅग्नेटो, स्टार्टर, कार्ब्युरेटर, मागचं गिअरांचं आवरण, खालचा तेलाचा संप, सगळं क्रमाने उतरतं. मग पुशरॉड, मग एकेक सिलिंडर. सिलिंडर निघाला की कनेक्टिंग रॉड मोकळा पडतो आणि क्रँककेसच्या कडेवर आपटू शकतो. त्याला सावरायला सिलिंडरच्या बुडाशी असलेली जुनी रबरी रिंग शेजारच्या स्टडांना अडकवतात आणि तिच्या आधाराने रॉड तोलून धरतात. हे कंपनीच्या पुस्तकातच सांगितलेलं आहे. आयुष्यभर तेल अडवून निकामी झालेल्या रिंगेला शेवटी हे काम मिळतं. निघालेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लागते. कितव्या सिलिंडरची, आत घेणाऱ्या झडपेची की बाहेर सोडणाऱ्या. तिथं आठवणीवर विसंबायचं नसतं.

मग येते क्रँककेस. कडेचे बोल्ट निघतात. त्यानंतर ते लांब स्टड, जे एका बाजूच्या सिलिंडरपासून दुसऱ्या बाजूच्या सिलिंडरपर्यंत क्रँककेसमधून आरपार गेलेले असतात. ते घट्ट बसलेले असतात आणि मऊ धातूचा दांडा टेकवून, एका रेषेत, सावकाश ठोकत बाहेर काढावे लागतात. आता इंजिन एका कुशीवर, लाकडी ठोकळ्यांवर आडवं असतं आणि वरचा भाग उचलायचा असतो. इथं दोन माणसं लागतात. एक कोपरा आधी उठला तर आतल्या डॉवेल पिना अडकतात, बेअरिंगची पाती ओरखडतात. शिवाय कॅमचा धक्का पुशरॉडकडे नेणारे, वरच्या भागातले टॅपेट आतून घातलेले असतात. भाग उचलला की ते खाली कॅमवर पडतील म्हणून आधीच धरून ठेवावे लागतात.

माझ्या समोर बहुतेक वेळा हुक्केरीकडचा एक सहकारी असे. त्याची भाषा कन्नड, माझी मराठी, दोघांनाही एकमेकांची चांगली समजते. चामड्याच्या हातोडीने तो त्याच्या बाजूला ठोकायचा, मग मी माझ्या. ठोक्याचा आवाज आधी भरीव असतो. चहूबाजूंनी फेरा पूर्ण होत आला की कुठल्यातरी एका ठोक्याला तो बदलतो, किंचित पोकळ होतो. तेव्हा हातोडी खाली ठेवायची. तो म्हणायचा, "निधान, निधान," म्हणजे सावकाश, सावकाश, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या बोटांकडे बघत, श्वास रोखून, समपातळीत वर उचलायचो. जुनं सीलंट ताणलं जातं, चिकट आवाज करत सुटतं, मधे काही ठिकाणी रेशमाचे तंतू दोन्ही काठांना धरून राहतात आणि मग तेही सोडतात. वरचा भाग बाजूला जातो. खाली क्रँकशाफ्ट आपल्या बैठकीत तसाच निवांत पडलेला, आणि त्याच्याजवळ कॅमशाफ्ट. कित्येक वर्षं अंधारात असलेल्या भागावर उजेड पडलेला असतो.

हा क्षण मी पुष्कळ वेळा पाहिला आहे आणि तरी तो माझ्यासाठी साधा झालेला नाही. आत जे दिसतं ते त्या इंजिनाचं चरित्रच असतं. तेल वेळेवर बदललेलं असेल तर भिंती मधासारख्या सोनेरी. बदललेलं नसेल तर काळा, चिखलासारखा थर. बेअरिंगच्या पात्यांवर रेघा असतील तर तेलातून वाळू किंवा धातूचा कण गेलेला आहे. आणि कॅमशाफ्ट बघताना नेहमी एक गोष्ट मनाला लागते. या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू निथळून खाली जातं आणि धातू उघडा पडतो. दमट हवेत त्यावर गंजाचे सूक्ष्म ठिपके येतात. पुढे इंजिन चालू झालं की त्या ठिपक्यांपासून पापुद्रे सुटू लागतात. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. जूनमध्ये धुकं आणि झड सुरू झाली की कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. म्हणून 2,000 तासांबरोबर 12 वर्षांची अट असते. यंत्र कामाने झिजतं तसं नुसतं उभं राहूनही झिजतं, आणि दुसरी झीज बाहेरून अजिबात दिसत नाही.

पण मला सांगायचं आहे ते तिसऱ्या झिजेबद्दल. दोन्ही भाग द्रावणात धुऊन कोरडे केले, की जिथं ते एकमेकांना भिडत होते त्या सपाट कडा उजेडात तिरप्या धरायच्या. बैठकांच्या आसपास कधी कधी मळकट, खरखरीत डाग दिसतात. धुऊन जात नाहीत. बोटाने लागतात. धंद्यात त्याला फ्रेटिंग म्हणतात. दोन्ही भाग घट्ट आवळलेले असायला हवे होते, पण पकड कुठंतरी कमी पडली. मग इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ते एकमेकांवर अगदी सूक्ष्म सरकत राहिले, डोळ्याला कधीच दिसणार नाही इतकं. कोट्यवधी वेळा तसं सरकून त्यांनी एकमेकांचा पृष्ठभाग खाल्ला. जितका पृष्ठभाग खाल्ला गेला, तितकी पकड आणखी सैल झाली.

कारण अगदी क्षुल्लक असू शकतं. तेच लांब स्टड सिलिंडरही धरतात आणि बेअरिंगची पकडही ठेवतात. त्यांच्या नटाखाली रंगाचा पातळ थर राहिला, तर आवळताना सगळं बरोबर लागतं, टॉर्क पाना हवा तो आकडा दाखवतो. पुढे उष्णतेने तो रंग दबतो, आणि नट जागचा हललेला नसतानाही पकड गेलेली असते. बाहेरून पाहणाऱ्याला इंजिन अखंड दिसतं. नट जागेवर, सील शाबूत. आत मात्र घासणं चालू.

हे पाहिल्यापासून माझ्या मनातली एक जुनी समजूत उलटी झाली. मला वाटायचं की वेगळं होणं हेच जोडीचं नुकसान आहे. फळीवर दिसतं ते निराळंच. योग्य रीतीने उघडलेल्या दोन भागांना उघडण्याने काहीही होत नाही. त्यांचं नुकसान होतं ते सैलपणे जोडलेलं राहण्याने. घराघरांतून हे आपण पाहतो. दोन भाऊ एका छताखाली, एका चुलीवर, गावाच्या नजरेत अभंग एकत्र कुटुंब. आणि रोज भाकरीवरून, पाण्याच्या पाळीवरून, पोरांच्या फीवरून किंचित घासत राहतात, वर्षानुवर्षं. ज्यांनी वेळीच समोरासमोर बसून सगळं मांडून ठेवलं, ते पुढे एकमेकांच्या दारी सणाला गेलेले मी पाहिले आहेत. ज्यांनी काहीच उघडलं नाही, त्यांची मनं एकमेकांनी खाऊन टाकलेली असतात. इंजिनातल्या अशा डागांवर उपाय असतो. दोन्ही कडा घासून पुन्हा सपाट करतात, आणि त्यामुळे बैठका लांबट झाल्या की दोन्ही भाग एकत्र आवळून त्या पुन्हा एका रेषेत बोअर करतात. पण त्यासाठी आधी उघडावं लागतं.

सुटे करणं हा घडवण्याचाच भाग आहे, हे आमच्या भागाला नव्याने सांगायला नको. बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छेला फाउंड्र्या आहेत. तिथं ओतकाम कसं होतं ते एकदा जवळून बघावं. लाकडी पॅटर्न दोन पेट्यांमध्ये ठेवून भोवती वाळू ठासतात. मग वरची पेटी उचलतात, पॅटर्न अलगद काढून घेतात, पेट्या पुन्हा जुळवतात आणि उरलेल्या पोकळीत रस ओततात. त्या दोन पेट्यांच्या मधल्या रेषेवर कोरडी भुकटी भुरभुरतात, ती केवळ एवढ्यासाठी की वेगळं होताना वाळूने वाळूला धरू नये. म्हणजे दाबून भरतानाच सुटण्याची तजवीज केलेली असते. पॅटर्न काढणाऱ्याचा हात थोडा जरी कापला तरी कड ढासळते आणि पूर्ण ओतकाम वाया जातं. क्रँककेससुद्धा आधी वाळूतच जन्माला येते.

याच बेळगावात 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं. पुढे 1910 मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी वसली, पण यंत्राशी झगडण्याची सुरुवात बेळगावातली. चार वर्षांनी, 1892 साली, अमेरिकेत डेटन गावी राइट बंधूंनीही सायकलचंच दुकान काढलं. 1903 साली त्यांना विमानासाठी हलकं इंजिन मिळेना, तेव्हा त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकने सुमारे सहा आठवड्यांत ते तिथंच बनवलं. त्याची क्रँककेस गावातल्या फाउंड्रीत अॅल्युमिनियममध्ये ओतून घेतली होती. सायकलचं दुकान, शेजारी फाउंड्री आणि दुरुस्ती करता करता यंत्राच्या पोटात शिरलेली माणसं, एवढ्या भांडवलावर माणूस उडाला.

आणि भारतात विमानं घडवण्याच्या गोष्टीत तर आमच्या अंगणातलाच एक माणूस उभा आहे. संकेश्वरहून जवळच, गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू या गावी 1908 साली विष्णू माधव घाटगे जन्मले. जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्यासारख्या वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि पुढे बेंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये भारतीय विमानांच्या आराखड्याचं काम उभं केलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 साली म्हैसूर संस्थानाच्या साथीने सुरू केलेला तो कारखाना. घाटग्यांच्या नेतृत्वाखाली घडलेलं एचटी-2 हे प्रशिक्षण विमान 1951 साली उडालं. 1958 मध्ये त्याच कारखान्याचं पुष्पक उडालं. दोन आसनांचं, फ्लाइंग क्लबांतल्या शिकाऊंसाठीचं ते छोटं विमान. त्याचं इंजिन होतं कॉन्टिनेंटलचं सी-90, नव्वद अश्वशक्तीचं, आडव्या चार सिलिंडरांचं आणि दुभागलेल्या क्रँककेसचं. त्या काळी फ्लाइंग क्लबांच्या हँगरमध्ये ती इंजिनं खोलणाऱ्या मेकॅनिकांची नावं कुठं छापली गेली नाहीत. त्यांची आठवण मला घाटग्यांच्या आठवणीबरोबरच येते.

दोन अर्ध्या भागांबद्दल बेळगाव-निपाणीच्या माणसाने बोलायला सुरुवात केली, की ऐकणारा लगेच महाराष्ट्र-कर्नाटक सीमेकडे वळतो. 1 नोव्हेंबर 1956ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे सगळं आमच्या घराघरांत बोललं जातं, आणि माझ्याही घरात बोललं गेलं. तरी ही तुलना मी करणार नाही. यंत्राचे दोन भाग एकत्र आवळून एकाच हत्याराने बोअर केलेले असतात आणि त्यांच्यावर जोडीचा क्रमांक असतो. माणसांचे मुलूख असे कुणी घडवलेले नाहीत. यंत्राचं उत्तर माणसांच्या प्रश्नावर चिकटवलं तर दोन्हींचा अपमान होईल. मला एवढंच ठाऊक आहे की हुक्केरीचा तो माणूस आणि मी, आम्ही दोघांनी मिळून उचलल्याशिवाय वरचा भाग कधी नीट उठला नाही. तो माझ्या बोटांकडे बघत होता, मी त्याच्या.

पुन्हा जोडण्याचा दिवस येतो तेव्हा बराच काळ लोटलेला असतो. पोलादी भागांची चुंबकीय तपासणी झालेली असते. अॅल्युमिनियमला चुंबक लागत नाही, म्हणून क्रँककेसवर चमकणारा द्रव सोडून अतिनील उजेडात भेगा शोधलेल्या असतात. मापं घेऊन वहीत भरलेली असतात. नवी बेअरिंग बसतात, टॅपेटना ग्रीसमध्ये धरून ठेवतात, कडा आरशासारख्या पुसतात. मग सीलंटचा पातळ हात, आणि मग रीळ हातात घेऊन रेशमाचा नवा धागा. तो ओढायचा नाही, नुसता सोडायचा. कुठं पिळला गेला, कुठं बोल्टाच्या भोकावरून गेला, तर पुन्हा उचलून पुन्हा ठेवायचा. हे काम करताना गप्पा मारलेल्या मला चालत नाहीत. शेवटी दोन्ही भाग एकमेकांवर उतरतात आणि ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या टप्प्यांत नट आवळले जातात. एका बाजूला एकदम पूर्ण ताकद कधीच नाही. सगळ्यांनी थोडं, मग सगळ्यांनी आणखी थोडं. प्रत्येक टप्प्यानंतर क्रँकशाफ्ट हाताने फिरवून बघायचा. तो अडला तर पुन्हा उघडायचं, आणि त्यात कमीपणा नाही.

नंतर मी लॉगबुकात सही करतो. त्या सहीचा अर्थ एवढाच की या इंजिनाच्या आत काय आहे ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि जे हवेत नेऊ नये असं काही मी आत ठेवलेलं नाही. त्या भरवशावर कुणीतरी एकोणीस वर्षांचं पोर पहिल्यांदा एकट्याने आकाशात जाणार असतं.

आता ती पोरं आमच्या डोक्यावरही उडतात. बेळगावजवळच्या सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, ब्रिटिश हवाई दलाने बांधली. तिथं वायुदलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने 2021 साली वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी जी पाच विमानतळं निवडली, त्यांत जळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबाडीबरोबर बेळगावही होतं. निपाणीहून बेळगावला निघालं, तवंदी घाट ओलांडला, संकेश्वर मागं टाकलं की हत्तरगीला रस्त्यालगत विमानांचे सुटे भाग बनवणारं 250 एकरांचं विशेष आर्थिक क्षेत्र लागतं. पाऊणशे किलोमीटरच्या या पट्ट्यात ओतणारे हात आहेत, कातणारे हात आहेत, उडायला शिकणारे आहेत. इंजिन पूर्ण उघडून पुन्हा जुळवणारी, मान्यताप्राप्त, आमच्याच आयटीआयतल्या मुलामुलींनी चालवलेली कार्यशाळाही याच पट्ट्यात भरभराटीला यावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. मराठी बोलणारी पोरं आणि कन्नड बोलणारी पोरं एकाच फळीभोवती उभी असतील, आणि ते शिकवायला मी आनंदाने घरी परतेन. जोडणं शिकायला सगळेच उतावीळ असतात, कारण जोडलेलं इंजिन सुरू होतं आणि टाळ्या मिळतात. मी त्यांना आधी बरेच महिने फक्त उघडायला देईन. कुठल्याही कडेवर एकही ओरखडा न येता ज्याला दोन भाग वेगळे करता येतील, त्याच्याच हातात मी रेशमाचं रीळ देईन.